तोर्केलमामा आणि काळा सूर्य

माझा मामा तोर्केल हुल्टिन उप्सालात पंचांगाची गणितं करायचा. सूर्य कधी उगवणार, चंद्र कधी मावळणार, ग्रहण कुठून दिसणार, हे सगळं त्या छोट्या पुस्तकात छापून यायचं आणि घरोघरी चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलं जायचं. त्यातले कितीतरी आकडे मामाच्या हातचे असत. माणूस उंच, खांद्यात वाकलेला, विरळ दाढीचा. आणि भित्रा. मी काही त्याची बदनामी करत नाही, तो स्वतःच कुणालाही सांगायचा. कुत्र्याला भ्यायचा, पुलाला भ्यायचा. हिवाळ्यात सगळं गाव गोठलेल्या नदीवरून बाजाराला जाई, हा मात्र लांबचा रस्ता धरायचा.

पण त्याची खरी भीती निराळी होती. ती स्मोलांडातल्या आमच्या गावात, ल्युंगहुल्टमध्ये, एका हिवाळ्यात त्याच्या अंगात शिरली. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. माझी आई गुन्निल त्याची थोरली बहीण, ती सतरा-अठराची.

त्या वर्षी आमच्या भागात गावोगावच्या पोरींना झटके येत होते. चांगली धडधाकट मुलगी गाईची धार काढता काढता कोसळायची, लाकडासारखी ताठ व्हायची आणि जगबुडीचं बोलू लागायची. लोक म्हणत, देव बोलतोय. डॉक्टर म्हणत, रोग आहे. आमच्या घरी मात्र कुणी काहीच म्हणत नव्हतं, कारण शेजारच्या गावचं संकट नाव घेतलं की आपल्या दारात येतं, अशी आजीची समजूत होती.

एका सकाळी आई मागावर बसली होती. तिच्या हातातला धोटा निसटून जमिनीवर घरंगळला. मामा तो उचलायला वाकला, तोवर तीही त्याच्या बाजूला पडली. डोळे सताड उघडे, पापणी हलत नव्हती. मग ती बोलू लागली. मामा म्हणायचा, "आवाज तिचाच होता, ब्रीता. लोक म्हणतात पुरुषाचा होता, खोटं आहे. तिचाच होता, म्हणून तर मला धडकी भरली."

ती म्हणाली, सूर्य काळा होईल. भर दिवसा तारे निघतील, गुरं हंबरतील, आणि मग कुणाला पळायला जागा उरणार नाही. मामा चुलीमागे जाऊन बसला होता. तिनं मान वळवली नाही, पण म्हणाली, "तोर्केल, लपू नकोस. तू ते बघणार आहेस."

चार दिवसांत अंगण घसरगाड्यांनी भरलं. लांबलांबची माणसं बर्फातून येत, भिंतीला टेकून उभी राहत आणि आई पडायची वाट बघत. कुणी तिच्या तळपायाला टाचणी टोचून पाहिली. एका बाईनं तिच्या वेणीतले केस कापून रुमालात बांधून नेले. शेवटी वरून हुकूम आला आणि दोन माणसं तिला इस्पितळात न्यायला आली. आई तेव्हा शुद्धीवर होती. दाराची चौकट धरून ओरडत होती, "आई गं, मी बरी आहे! आता नाही बोलणार! तोर्केल, सांग ना यांना!" तोर्केल चुलीमागून हलला नाही.

वसंतात ती परत आली. डोकं भादरलेलं, मानेवर भाजल्यासारखे चट्टे. तिथे काय झालं ते तिनं जन्मात सांगितलं नाही. मामानं मात्र मनाशी एक गाठ बांधली की ज्याची भीती बाहेर पडते त्याला घेऊन जातात. तेव्हापासून तो रात्री तोंडात उशीचं टोक धरून झोपू लागला. झोपेत आपण काही बोललो तर!

गावचे पाद्री वॅलेरियुस भला माणूस. या पोराला काहीतरी खातंय, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी त्याला लॅटिन आणि गणित शिकवायला घेतलं आणि एक दिवस विचारलं, "काय रे, एवढा कशाला भितोस?"

"सूर्य काळा होणार म्हणून."

वॅलेरियुस मोठ्यानं हसले. "एवढंच ना! अरे वेड्या, त्याला ग्रहण म्हणतात. चंद्र मध्ये येतो. थांब, दाखवतो." त्यांनी फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. अठराशे एक्कावन्न, जुलैअखेर. खग्रास. आपल्या डोक्यावरूनच जाणार. बघ, आधीपासून लिहून ठेवलंय! आता कसली भीती?"

बिचाऱ्यांना वाटलं, पोराला धीर दिला. झालं उलटंच. इतके दिवस सूर्य कधीतरी काळा होणार होता. आता त्याला तारीख मिळाली होती, शहाण्या माणसांनी छापलेली. गुन्निल खरं बोलली होती.

मामा खगोलशास्त्राकडे वळला तो असा. लोकांना वाटे, गरीब शेतकऱ्याचं पोर, केवढी ज्ञानाची ओढ! वॅलेरियुसांनी शब्द टाकून त्याला आधी वेक्शोच्या शाळेत आणि मग उप्सालाला धाडलं. गावाच्या नावावरून त्यानं हुल्टिन हे आडनाव घेतलं. वाळकी भाकरी आणि खारवलेली हेरिंग मासळी खाऊन तो शिकला. त्याच्या डोक्यात एकच होतं: ते गणित आपण स्वतः करायचं आणि त्यातली चूक काढायची. छापणाऱ्याची चूक असेल, चंद्राच्या कोष्टकात असेल, कुठेतरी असेलच. त्यानं ते ग्रहण मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. दर वेळी सावली नॉर्वेकडून येई आणि ल्युंगहुल्टच्या चर्चवरून सरळ पलीकडे जाई. त्याची मांडणी इतकी स्वच्छ होती की वरिष्ठांच्या नजरेत भरली, आणि टिबेलियुस नावाच्या खगोलज्ञानं त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं.

एक्कावन्न साल उजाडलं. ग्रहणाच्या वाटेवर ठिकठिकाणी दुर्बिणी लावायच्या होत्या. टिबेलियुस नकाशा पसरून म्हणाले, "हुल्टिन, तुम्ही स्मोलांडचेच ना? मग प्रश्नच मिटला. ल्युंगहुल्ट तुमचं. लोक ओळखीचे, आईच्या हातचं जेवण. मजा आहे तुमची!"

मामा "हो" म्हणाला. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

गावी पोचला तर तिथलं वारं आणखीच वाईट. गुन्निलचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि माझे वडील योनस, गावचे लोहार, यांच्या घरात त्या जुन्या गोष्टीचा कुणी उच्चारही करत नसे. मी तेव्हा आईच्या पोटात होते. पण पंचांगात ग्रहण छापून आलं आणि लोकांना सगळं आठवलं. काही जण अदबीनं दारात येऊन उभे राहत, टोपी हातात घेऊन विचारत, "गुन्निल, पुढचं काय ते सांग. गुरं विकू का?" काही जणांची तऱ्हा वेगळी.

"योनस," एक शेजारी भट्टीपाशी येऊन म्हणाला, "त्या दिवशी बायकोला तळघरात ठेव. कुलूप लाव. तिनं तोंड उघडलं तर माणसं वेडी होतील इथे."

"तू आधी तुझ्या बायकोला कुलूप लाव," वडील म्हणाले, "ती तर रोजच तोंड उघडते."

आसपासचे हसले, पण नंतर वडिलांनी खरंच एक कुलूप तेल घालून ठेवलं. आईनं ते पाहिलं.

मामानं टेकडीवर दुर्बीण उभी केली. शेजारी घड्याळ, काजळी धरलेली काच, पेन्सिल. त्याला दोन भीती होत्या. गुन्निल पडेल, ही एक. दुसरी तो कुणाजवळ बोलला नव्हता: आपणच पडू. रक्त एकच. बारा वर्षांच्या वयापासून तो रोज स्वतःच्या आत कान लावून होता, तो आवाज येतोय का बघत होता.

त्या सोमवारी दुपारी आभाळ निरभ्र होतं. एकही ढग नाही. माणसं टेकडीवर जमली, कारण घरात एकट्यानं मरायला कुणी तयार नव्हतं. वॅलेरियुस मध्ये उभे राहून सगळ्यांना सांगत होते की मुलांनो, चंद्र मध्ये येतो, इतकंच. त्यांचाही आवाज बारीक झाला होता. आई वर चढून आली तेव्हा लोक दोन्ही बाजूंनी मागे सरले. वडील तिच्या मागे, खिशात कुलूप.

सूर्याची एक कड गेली, मग अर्धा सूर्य. पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग उजेडाचा रंग बदलला. मामा सांगायचा, संध्याकाळ असते तसं ते नव्हतं. माणसांचे चेहरे शिशाचे झाले. गार वारा सुटला. खाली कुरणात गुरं हंबरू लागली आणि कुंपणाच्या दगडांकडे धावली. तो घड्याळाकडे बघत होता, आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. मग तळ्याच्या पलीकडून सावली आली. तिचा आवाज नव्हता. पलीकडचं रान विझलं, तळं विझलं, आणि ती टेकडी चढू लागली.

कुणीतरी किंचाळलं. माणसं गुडघ्यांवर पडली. मामानं दुर्बिणीला डोळा लावायचा होता. नऊ वर्षं त्यानं त्याच क्षणाची तयारी केली होती. त्यानं दुर्बिणीकडे पाठ फिरवली, बेरीच्या झुडपांत पालथा पडला, तोंड मातीत खुपसलं आणि दोन्ही हातांनी कान दाबले. दातांत माती गेली. ओरडू नये म्हणून त्यानं ती चावली.

मग त्याच्या पाठीवर एक हात आला.

"तोर्केल." आई त्याच्याजवळ बसली होती, पोट सांभाळत. "ऊठ. बघ."

"नाही."

"अरे, मी बघतेय ना. काही होत नाहीये."

"गुन्निल, तू... तू पडणार नाहीस ना?"

"बसलेय मी, पडायची कुठून!" ती म्हणाली. मग जरा वेळानं, अगदी हळू, "काळा आहे खरा. भोवती पांढरं काहीतरी पसरलंय, केस मोकळे सोडल्यासारखं. आणि तिकडे एक तारा आहे. मी म्हटलं होतं ना, तारे निघतील."

लोक तिच्याकडे बघत होते. सगळ्या टेकडीचा श्वास अडकला होता, ती आता काय बोलते म्हणून. वडिलांचा हात खिशात होता. आईनं वर पाहिलं, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच होतं होय? एवढ्यासाठी माझी हजामत केली?"

आणि ती रडू लागली. नेहमीच्या माणसासारखं, नाक ओढत, हुंदके देत. तेवढ्यात सूर्याच्या कडेला उजेडाचा थेंब फुटला आणि खालच्या वाडीतला कोंबडा आरवला.

लोक उठले, गुडघे झटकले, एकमेकांकडे न बघता घरी गेले. त्यानंतर आईला कुणी भविष्य विचारलं नाही.

मामा मात्र तसाच पडून होता. वॅलेरियुसांनी त्याला बसतं केलं, तोंडावरची माती पुसली. नोंदींचा कागद कोरा होता. ते म्हणाले, "असं कर, ऐन वेळी ढग आला असं सांग. कुठे ना कुठे आला असेलच. कोण बघायला येतंय?"

उप्सालापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात मामानं ढग घोळवला. ढग आला म्हणायचं की सुटलो. पण ल्युंगहुल्टमध्ये सगळ्या गावानं काळा सूर्य पाहिला होता. आज ना उद्या कुणी बोललं असतं, आणि मग त्याला प्रत्येक अनोळखी स्मोलांडी माणसाची भीती बाळगत जगावं लागलं असतं. आधीच पुष्कळ भीती होत्या, आणखी एक कुठे ठेवायची?

तो टिबेलियुसांसमोर उभा राहिला. "मी काहीच पाहिलं नाही. मी घाबरलो. जमिनीवर पालथा पडलो होतो."

टिबेलियुसांना आधी कळेचना. मग ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे सूर्य झाकला गेला तेव्हा तुम्हीही झाकले गेलात! वा, हुल्टिन! माझ्या गाईनंसुद्धा मान वर करून बघितलं असतं."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. पोरं रस्त्यात त्याला बघून पालथी पडायची. दुर्बिणीला हात लावायची त्याला बंदी झाली. पण त्याच्यासारखी गणितं करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मागच्या एका खोलीत पंचांगाच्या कामाला बसवलं. तिथेच त्याचं उरलेलं आयुष्य गेलं.

मी आठ वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईला मी नको होते, म्हणून मामानं मला नेलं. घरात मी, तो आणि खालच्या मजल्यावर घरमालकीण मालेना. मामा सकाळची कॉफी बशीत ओतून, दातांत साखरेचा खडा धरून प्यायचा आणि मला विचारायचा, "रात्री मी काही बोललो का गं?" मी म्हणायची, "नाही, मामा. घोरलास." मग त्याचा चेहरा खुलायचा.

पुढे दोनएक वर्षांनी, जूनच्या अखेरीस, आकाशात अचानक एक धूमकेतू उगवला. पंचांगात नव्हता, कुणी सांगितला नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात धड अंधार होत नाही, तरी त्या फिकट आभाळात त्याची शेपटी अर्ध्या आकाशावर पसरली होती. गाव हादरलं. धोबिणी, कोळिणी, सैनिकांच्या बायका वेधशाळेत विचारायला गेल्या, तर तिथल्या लोकांनी त्यांना अडाणी म्हणून पिटाळलं. मग कुणीतरी म्हणालं, तो पालथा हुल्टिन जवळच राहतो, त्याला विचारू.

मी दार उघडलं तर जिना बायकांनी भरलेला. सगळ्यांत पुढच्या धोबिणीनं विचारलं, "साहेब, खरं सांगा. हे पडणार का आपल्यावर?"

मामा पांढराफटक पडला होता. खिडकीचा पडदा त्यानं सकाळपासून उघडला नव्हता. "गणित केलंय," तो म्हणाला. "पडणार नाही. लांबून जाईल."

"मग तुमचे हात का कापतायत?"

"मला भीती वाटते म्हणून."

मग धोबीण म्हणाली, "मलाही."

"या, आत या. बसा," मामा म्हणाला. "ब्रीता, कॉफी टाक."

सगळ्या जणी बसल्या, खुर्च्या संपल्या तेव्हा जमिनीवर. मामानं त्यांना कागदावर रेघ काढून दाखवली, ती कितपत कळली कोण जाणे. पण धूमकेतू फिका होईपर्यंत त्या रोज आल्या. शास्त्र सांगणारे पुष्कळ होते, आपल्याबरोबर थरथरणारा हा एकच. त्यानंतर पोरांनी रस्त्यात पालथं पडणं बंद केलं. धोबिणीनं त्यांतल्या दोघांचे कान पिळले होते.

मी पंधरा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात मी तापानं पडले. मला त्यातलं थोडंच आठवतं, बाकीचं मालेनानं सांगितलं. ताप चढला आणि मी बडबडू लागले. डोळे उघडे ठेवून, छताकडे बघत. मामा अंथरुणाजवळ होता. त्याला वाटलं, आलं. बहिणीतून भाचीत आलं.

मालेना घाबरून म्हणाली, "इस्पितळात कळवते. गाडी येईल, घेऊन जातील."

"घेऊन जातील" हे शब्द ऐकले आणि मामा उठला. त्यानं दाराला आतून अडसर घातला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. भाचीच्या तोंडून जगबुडी निघणार या भीतीनं तो लटलट कापत होता. कुठल्याही क्षणी ती आपलं नाव घेईल, असं त्याला वाटत होतं.

"हुल्टिन, बाजूला व्हा! पोरगी मरेल!"

"डॉक्टरला इथे आण. इथे! ती या घरातून जाणार नाही!" तो ओरडला. त्याला ओरडताना मालेनानं कधी ऐकलं नव्हतं. "आणि मी माझ्याजवळ थांब म्हटलं तरी तू थांबू नकोस, मालेना, पळ. मला एकट्याला फार भीती वाटतेय."

मालेना खिडकीतून मागच्या छपरावर उतरून गेली, कारण तो दारातून हलेना. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि माझ्या तोंडाजवळ कान नेला. जे ऐकायला तो जन्मभर भ्यायला होता, ते ऐकायलाच. मी म्हणत होते, मांजराला आत घ्या, दूध सांडलं, मोज्याचा टाका सुटला. तेच पुन्हा पुन्हा. डॉक्टर आला तेव्हा मामा हसत होता आणि त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. डॉक्टरला वाटलं, रोगी हाच आहे. माझा ताप विषमज्वराचा होता. वसंतापर्यंत मी उठून बसले.

पुढच्या शरदात मला स्टॉकहोमला शिक्षिका होण्यासाठी जायचं होतं. आगगाडी नुकतीच सुरू झाली होती. मामा पहिल्यांदाच तिच्यात बसणार होता. मी म्हटलं, "मामा, मी एकटी जाईन. तू कशाला जिवाला त्रास करून घेतोस?"

"एकटीला भीती वाटेल."

"नाही वाटणार."

"मग मला वाटेल, घरी बसून. त्यापेक्षा गाडीत वाटलेली बरी."

गाडी सुटली तेव्हा त्यानं माझा हात इतका दाबला की बोटं बधिर झाली. झाडं मागे पळू लागली. त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. समोर टोपलीत अंडी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "यांना बरं नाही का?"

"घाबरलोय, बाई," मामा म्हणाला. "हे थांबतं ना?"

"स्टॉकहोमला थांबतं," म्हातारी म्हणाली आणि त्याला एक उकडलेलं अंडं दिलं.

स्टेशनवर त्यानं माझी पेटी उतरवली, शाळेच्या दारापर्यंत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग वळला आणि त्याच दुपारच्या गाडीत परत जायला, कोट छातीशी घट्ट धरून, एकटा चालत गेला.